बांध, विहीर आणि म्हाताऱ्यांची साक्ष

पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. दोन्हीकडे कोलाम राहतात. त्यांची वस्ती म्हणजे पोड, भाषा द्राविडी कुळातली कोलामी. महाराष्ट्रात केंद्राने अतिअसुरक्षित ठरवलेल्या तीन जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि पोडावरच्या माणसालाही बरोबरीचं मत मिळालं. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नकाशात जंगल होती, आणि कसणारा अतिक्रमणदार.

वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असेल, तर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. सातबारा नसला तरी घातलेला बांध, जुनी विहीर, पूर्वजांचं दफनस्थान, देवाची जागा हे सारं पुरावा ठरतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तेही चालतं. मला या कायद्याच्या नियमांतली हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते. ज्याच्या घरात कागद कधी आलाच नाही, त्याच्या आठवणीला इथे किंमत आहे.

आपल्याच भूमीत परकं ठरणं फक्त इथलंच नाही. अठराव्या शतकातल्या जिनीव्हात तर शहरात जन्मूनही परक्यांची मुलं ‘नातिफ’च राहत. त्यांना मत नव्हतं. हक्कांसाठीचा १७८२ चा उठाव फ्रान्स, सार्डिनिया आणि बर्नच्या फौजांनी मोडला. समान हक्क मिळायला डिसेंबर १७९२ उजाडला.