पाण्यात दडलेलं तेल विजेनं शोधलं!

एका बाटलीत पाणी घ्या, चमचाभर गोडेतेल टाका आणि खदाखदा हलवा. थोड्याच वेळात तेल पुन्हा वर! आता भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून हलवा. पाणी पांढुरकं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं.

भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू कापायच्या यंत्रावर, असंच पांढरं पाणी सोडतात. त्याचं नाव कूलंट. लोखंड कापताना हत्यार भयंकर तापतं. पाणी त्याला गार ठेवतं, तेल घर्षण कमी करतं. म्हणून साधारण २० भाग पाण्यात १ भाग खास तेल मिसळतात. कालांतराने कूलंट नासतं, घाण वास मारतं. मग ते टाकायचं कुठे? नाल्यात मुळीच नाही, तिथून ते थेट नदीत जाईल!

बरं, ठेवून दिलं तर तेल आपोआप वर येईल? छे! तेलाचा प्रत्येक थेंब केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. त्यात त्याच्याभोवती साबणासारख्या रेणूंचं कवच, आणि कवचावर ऋण विद्युतभार. सगळेच ऋण, त्यामुळे सगळे एकमेकांना दूर ढकलतात. एकत्र आल्याशिवाय मोठे कसे होणार आणि वर कसे येणार?

इथे वीज कामाला येते. त्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या बुडवून बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज सोडतात. धन पट्टीतला अ‍ॅल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. त्याचा तिप्पट धनभार थेंबांचं भांडण मिटवतो. मग अ‍ॅल्युमिनियमचे चिकट, मऊ पुंजके तयार होतात आणि थेंब त्यांत अडकतात. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवते ना? तिथेही अ‍ॅल्युमिनियमच हे काम करतं.

मला सगळ्यात आवडते ती दुसरी पट्टी! तिच्यावर हायड्रोजनचे इवलेसे बुडबुडे तयार होतात आणि तेलकट पुंजके उचलून वर नेतात. काचेच्या भांड्यात हे छान दिसतं: वर मळकट फेसाचा थर जाड होत जातो आणि खालचं पाणी निवळतं.

पट्टी मात्र झिजते. १ अँपिअर वीज तासभर वाहिली, तर सुमारे ०.३४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. हा हिशेब मायकेल फॅरेडे यांच्या १८३० च्या दशकातल्या नियमांवरून आधीच मांडता येतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जागा हवेशीर लागते. (घरी हा प्रयोग नको!) फेस खरवडून घातक कचऱ्यात जातो. खालच्या पाण्यात विरघळलेली रसायनं उरतातच, म्हणून ते पुढच्या टाकीत आणखी शुद्ध करतात.