खांबावर अडकलेल्या वायरमनाची सोडवणूक

भरणें चालू असतां वीज गेली म्हणजे वायरमनास निरोप जातो, आणि तो खांबावर चढतो तेव्हां खालीं उभे असतात ते बहुधा आपण शेतकरीच. त्यास झटका बसून तो कमरेच्या पट्ट्यास लोंबकळत राहिला, तर त्याचा जीव खालच्या मंडळींच्या वर्तनावर अवलंबून असतो.

अशा वेळीं खांबाकडे धांवण्याची जी इच्छा होते ती आवरावी. बंद समजलेली तार जिवंत आहे, असेंच त्या क्षणीं मानिलें पाहिजे. कोरड्या काठीनें माणूस सोडविण्याची रीत घरगुती २३० व्होल्टांपुरती ठीक. ११,००० व्होल्टांपुढें काठी, रबरी चप्पल वा गोणपाट यांचा भरंवसा मुळींच धरूं नये. त्या तारेची ठिणगी स्पर्शावांचूनहि उडी घेते. सबब खांब, ताण व माणूस यांपैकीं कशासहि हात न लावतां उपकेंद्रास दूरध्वनि करून वाहिनी बंद करवावी. तेथील क्रमांक हाताशीं नसल्यास १९१२, आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८. शेजारच्या मळ्यांतील जनित्रांतून उलट प्रवाह येऊन मेलेली तार पुन्हां जिवंत होते. तें बंद करणें मात्र आपल्या हातचें आहे.

वर जाण्याचें काम त्याच्या शिकलेल्या जोडीदाराचें. (पिकाच्या घाईनें एकट्या वायरमनास वर चढविण्याची आपली संवय मला पसंत नाहीं.) वीज बंद झाल्याची खात्री व अर्थिंग करून तो आडव्या लोखंडावरून दोर घेतो, जखमी माणसास कांखेखालून बांधतो, आणि दोर ताणला गेल्यावरच पट्टा सोडतो वा कापतो. दुसरें टोंक खालीं आपल्या हातीं येतें. दोर खांबाच्या उंचीच्या दुपटीहून लांब, कोरडा व मजबूत असावा. लोखंडाभोंवतीं एकदोन वेढे असले म्हणजे भार बेतानें उतरवितां येतो.

माणूस जमिनीवर येतांच उताणा निजवून श्वास पाहावा. श्वास नसल्यास छातीच्या मध्यावर तळहातावर तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें ५ सेंटिमीटर खोल दाबावें. शिकलेला मनुष्य असल्यास दर ३० दाबांमागें तोंडानें २ श्वास द्यावे. दमल्यास दुसऱ्यानें हात लावावा, पण खंड पडूं देऊं नये. झटका बसलेल्यास मातींत पुरून ठेवण्याची रीत कांहीं गांवीं आढळते. तींत हीच मोलाचीं मिनिटें वायां जातात. तो खांबावरून पडला असेल तर पाठीच्या कण्यास इजा असण्याचा संभव आहे. त्यास उठवून बसवूं नये. भाजल्या जागीं हळद वा तेल न लावतां स्वच्छ पाणी ओतावें. तो उठून बोलूं लागला तरी रुग्णालयांत नेलाच पाहिजे, कारण हृदयाची गति मागाहूनहि बिघडते.