पिकते तेथे विकत नाही?

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आपल्या हैदराबादच्या क्रिकेटरसिकांस गेली काही वर्षे वारंवार आठवत असावी. ६ एप्रिल २०२५ रोजी उप्पलच्या राजीव गांधी मैदानावर सनरायझर्स हैदराबाद व गुजरात टायटन्स यांचा सामना झाला. त्यात हैदराबादची फळी कोलमडली ती प्रामुख्याने एकाच गोलंदाजामुळे. त्याने अवघ्या १७ धावा देऊन ४ बळी घेतले आणि पुढे गुजरातने सात गडी राखून सहज विजय मिळविला. हा गोलंदाज अहमदाबादचा नव्हता, सुरतेचाही नव्हता. तो होता महंमद सिराज, याच शहरात जन्मलेला, रिक्षाचालक पित्याचा पुत्र. घरच्या मुलाने घरच्याच अंगणात घरच्यांस हरविले, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की हळहळावे? आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांत त्या रात्री या प्रश्नावर जेवणे लांबली. त्या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे आम्हांस वाटते.

ज्या ज्येष्ठ वाचकांची क्रिकेटशी ओळख रणजी करंडकापाशी थांबली आहे, त्यांच्यासाठी प्रथम या व्यवहाराचे स्वरूप सांगितले पाहिजे. इंडियन प्रीमियर लीग २००८ साली सुरू झाली. तीत खेळाडू गावाचा नसून मालकाचा असतो. संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यांत परदेशी आठ आणि प्रत्यक्ष मैदानात परदेशी चारच. खर्चास मर्यादा असते; २०२५ च्या हंगामाकरिता ती प्रत्येक संघास १२० कोटी रुपयांची होती. खेळाडू मिळविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पूर्वीच्यांपैकी काहींस कायम राखणे, लिलावात बोली लावणे आणि दोन संघांनी आपापसांत अदलाबदल करणे. ही अदलाबदल कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू अशी होते, तर कधी केवळ रोख रकमेवर. मात्र तिला खेळाडूची संमती लागते. आमच्यासारख्या सरकारी नोकरांस याचा हेवा वाटल्यास नवल नाही. बदलीचा हुकूम आमची संमती विचारून कधीच आलेला नाही.

तथापि खेळाडूने स्वतःच नव्या घराची वाटाघाट केलेली चालत नाही. २०१० साली रवींद्र जडेजाने राजस्थान संघात असताना नियमाबाहेर दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून त्यास त्या वर्षी स्पर्धेबाहेर बसावे लागले. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोच जडेजा रीतसर अदलाबदलीने चेन्नईहून पुन्हा राजस्थानात गेला आणि संजू सॅमसन चेन्नईस आला. काळाचा महिमा म्हणावयाचा तो हाच.

हे सारे नवे, पैशाने नासलेले आणि पूर्वी नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आमचा मतभेद आहे. संस्थानांच्या काळी गुणी खेळाडू राजाश्रयाच्या शोधात फिरतच असत. सांगलीचे विजय हजारे बडोद्याचे झाले आणि १९४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागी रचली ती होळकरांच्या संघाविरुद्ध. त्या होळकर संघाचे धुरीण कर्नल सी. के. नायडू हे नागपुरात वाढलेले तेलुगू गृहस्थ. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र, होळकर आणि रेल्वे अशा संघांतून खेळले. इतकेच काय, महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेल्या डेनिस कॉम्प्टन या इंग्रज फलंदाजाने १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या होत्या. लिलाव नव्हता, पण पागोटे होते, हुद्दा होता, वेतन होते.

आपल्या हैदराबादचीही तीच कथा. मन्सूर अली खान पतौडी हे भारताचे कर्णधार असतानाच हैदराबादकडून रणजी खेळू लागले, आणि खेळले ते एम. एल. जयसिंहांच्या नेतृत्वाखाली. देशाचा कर्णधार गावच्या कर्णधाराच्या हाताखाली आनंदाने खेळतो, यात त्या काळच्या हैदराबादचे मोठेपण आहे. पतौडींना परका म्हणावे असे फत्तेमैदानावरील प्रेक्षकांस कधी वाटले नाही.

आता जमाखर्च मांडून पाहू. देण्याच्या बाजूस पहिले नाव सिराजचे. २०१७ च्या लिलावात वीस लाखांच्या मूळ किमतीवरून सनरायझर्सने त्यास २ कोटी ६० लाखांस घेतले आणि त्या हंगामात त्याने १० बळी घेतले. पुढच्याच वर्षी तो बंगळूरकडे गेला, तेथे सात हंगाम राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मधील जेद्दाच्या लिलावात सव्वाबारा कोटींस गुजरातकडे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलच्या कसोटीत अखेरच्या सकाळी भारतास सहा धावांनी विजय मिळवून देणारा तोच. दुसरे नाव तिलक वर्माचे. वीजतंत्र्याचा हा मुलगा २०२२ च्या लिलावात १ कोटी ७० लाखांस मुंबई इंडियन्सकडे गेला आणि २०२५ साठी मुंबईने त्यास आठ कोटी देऊन राखले. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईस आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध नाबाद ६९ धावा काढून त्याने सामना जिंकून दिला. तिसरे अंबाती रायुडू. गुंटूरचा जन्म, हैदराबादचे क्रिकेट, आणि सहा विजेतेपदे मुंबई व चेन्नईच्या वतीने.

याउलट २०२५ च्या हंगामासाठी सनरायझर्सने जे पाच खेळाडू राखले ते असे: हाइनरिक क्लासेन, पॅट कमिन्स, ट्रॅव्हिस हेड, अभिषेक शर्मा आणि नीतीशकुमार रेड्डी. तिघे परदेशी, एक अमृतसरचा, एक विशाखापट्टणमचा. हैदराबादचा एकही नाही. रसिकांच्या मनातील सल हा आहे आणि तो खोटा नाही.

पण येण्याची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. २०१६ चे विजेतेपद डेव्हिड वॉर्नरच्या ८४८ धावांवाचून आणि मेरठच्या भुवनेश्वरकुमारच्या २३ बळींवाचून मिळाले असते काय? केन विल्यमसनने २०१८ साली ७३५ धावा काढून संघास अंतिम फेरीत नेले. वॉर्नर तर २०२० च्या टाळेबंदीत तेलुगू गाण्यांवर सहकुटुंब नाचून घराघरांत पोहोचला. त्याच वॉर्नरचे कर्णधारपद २०२१ च्या मध्यावर काढून घेण्यात आले, पुढे संघातूनही वगळले, तेव्हा या शहराने जी हळहळ व्यक्त केली ती परक्यासाठी नव्हती. नाते रक्ताने जुळते तसे सहवासानेही जुळते, हे आपण परप्रांतीय मराठी माणसांनी वेगळे शिकावयास नको.

सर्वांत बोधप्रद व्यवहार आम्हांस २०१८ च्या नोव्हेंबरातील वाटतो. शिखर धवन दिल्लीस परत जाऊ इच्छीत होता. त्याच्या बदल्यात दिल्लीने तीन खेळाडू दिले: विजय शंकर, शाहबाझ नदीम आणि अठरा वर्षांचा अभिषेक शर्मा. त्या वेळी चर्चा झाली ती धवनची. अभिषेकचे नाव यादीच्या शेवटी होते. बाजारात जिन्नस घेतल्यावर वाणी वरकड म्हणून मूठभर घालतो, तसा काहींनी त्यास मानला. दिल्लीचेही नुकसान झाले नाही. २०२० साली धवनने ६१८ धावा केल्या आणि दिल्ली प्रथमच अंतिम फेरीत पोहोचली. इकडे अभिषेकला पहिली तीन वर्षे फारशी संधी नव्हती. २०२२ साली ४२६ धावा, २०२३ साली पुन्हा घसरण होऊन २२६, आणि मग २०२४ साली ४८४ धावा, त्याही दर शंभर चेंडूंस दोनशेहून अधिक या वेगाने. १२ एप्रिल २०२५ रोजी उप्पलवर पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ धावा केल्या, तेव्हा त्या जुन्या व्यवहाराचे खरे मोल कळले.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून पाहता आम्हांस या कथेत धावांपेक्षा २०२३ चे वर्ष महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी त्यास सोडून दिले असते तर कोणी दोष दिला नसता. होतकरू मुलाची पारख म्हणजे त्याचे गुण ओळखणे एवढेच नव्हे. त्याच्या पडत्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावर ठेवणे, हा त्या पारखीचा अवघड भाग होय. नीतीश रेड्डीस २०२३ मध्ये वीस लाखांत घेतले, तेव्हा त्याचेही नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी तो स्पर्धेतील उदयोन्मुख खेळाडू ठरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला त्याने कसोटी शतक ठोकले. सनरायझर्सला पारख नाही असे म्हणता येणार नाही. ती पारख लिंगमपल्ली व बारकसच्या मैदानांवर अधिक वेळा यावी, एवढेच आमचे मागणे.

कारण फळ विकत घेणारा निराळा आणि रोपास पाणी घालणारा निराळा. तिलक वर्मा लहानपणी टेनिसच्या चेंडूने खेळत असता सलाम बायश या प्रशिक्षकांच्या दृष्टीस पडला. ते त्यास आपल्या दुचाकीवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकास लिंगमपल्लीच्या अकादमीत नेत. लिलावाच्या दिवशी पडद्यावर आकडे चमकतात, त्यांत या पेट्रोलचा हिशेब कोठेच नसतो. हैदराबादचा रणजी संघ १९३७-३८ आणि १९८६-८७ साली विजेता होता. तोच संघ अलीकडे प्लेट गटापर्यंत घसरला आणि २०२३-२४ मध्ये तो गट जिंकून वर आला. त्याच हंगामात तन्मय अग्रवालने अरुणाचलाविरुद्ध १४७ चेंडूंत त्रिशतक पुरे केले. म्हणजे बियाणे कमी नाही. आपण रसिकांनी मालकांस जाब विचारावा, त्यापेक्षा मोठ्या आवाजात मैदाने, शालेय सामने आणि स्वच्छ निवड यांविषयी विचारावे. मुलगा कोणाच्या रंगाचा सदरा घालतो हा नंतरचा प्रश्न; त्यास चेंडू टाकावयास जागा आहे काय, हा पहिला.

येथेच पालकांस एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलावर जेद्दाच्या लिलावात १ कोटी १० लाखांची बोली लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक केले. त्यानंतर नववीतील मुलास शाळेतून काढून पूर्णवेळ क्रिकेटला घालावे काय, असे विचारणारे वडील आमच्याकडे येऊन गेले. आम्ही फळ्यावर हिशेब मांडून दाखविला. दहा संघ, प्रत्येकी पंचवीस, म्हणजे अडीचशे जागा. परदेशी आठ-आठ वजा जाता भारतीय मुलांस उरल्या एकशेसत्तर. त्याही दर वर्षी रिकाम्या होत नाहीत. आमच्या एका शाळेतच त्याहून अधिक मुले स्वतःस फलंदाज समजतात! मुलास अवश्य खेळू द्यावे, पहाटे उठवून मैदानावर न्यावे. पण दप्तर विकून बॅट घेऊ नये. तिघांपैकी दोघा वडिलांस हे पटले. तिसऱ्यांचा मुलगा आता सकाळी मैदानावर आणि दुपारी वर्गात डुलक्या घेताना दिसतो. त्यास आम्ही रागावत नाही, फक्त जागा पुढच्या बाकावर दिली आहे.

राहता राहिला आपल्या घरांतील नाजूक प्रश्न. मुंबई विरुद्ध हैदराबाद असा सामना असता मराठी कुटुंबाने कोणाची बाजू घ्यावी? २१ मे २०१७ रोजी तर दैवाने अधिकच थट्टा केली. अंतिम सामना मुंबई व पुणे यांच्यात, आणि तो आपल्या उप्पलवर! मुंबई एका धावेने जिंकली. काचीगुड्यातील कित्येक घरांत आजोबा पुण्याचे, सूनबाई मुंबईच्या आणि नातू म्हणे, “आपले तर दोन्ही नाहीत, आपले हैदराबाद.” त्या नातवाचे उत्तर आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते.

मौज अशी की मुंबईस पाच वेळा विजेती करणारा रोहित शर्मा नागपुरात जन्मला, बोरिवलीत वाढला, आईकडून तेलुगू शिकला आणि या स्पर्धेत प्रथम खेळला तो हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून. २००९ च्या विजेत्या संघात तो होता, आणि त्याच हंगामात त्याने सलग तीन बळी घेतले ते मुंबईचेच. मुंबईचा तेलुगू रोहित हैदराबादेत उमलला, हैदराबादचा तिलक मुंबईत. हा हिशेब कोणत्या प्रांताच्या खात्यावर लिहावा?

आपले पूर्वज नोकरीसाठी, विद्येसाठी, व्यापारासाठी या शहरात आले. त्यांच्यावर कोणी बोली लावली नव्हती, पण त्यांनी येथे शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली आणि ते येथले झाले. आज आपली मुले पुणे, बंगळूर, परदेश गाठतात आणि तेथली होतात. त्यांना आपण परकी म्हणत नाही; त्यांचे पत्र, आता दूरध्वनी, आला की शेजाऱ्यांस सांगत सुटतो. सिराजने उप्पलवर चार बळी घेतले तेव्हा तेच करावयास हवे होते. आपल्या संघासाठी हळहळावे आणि आपल्या मुलासाठी टाळी वाजवावी. दोन्ही एकाच वेळी करता येते. परप्रांतात राहणाऱ्यास तर ते पिढ्यान्‌पिढ्या येतच आहे.