कलम मनावरून ठरते

ठाण्याच्या वर्तकनगर नाक्यावर अपघातात कोणी दगावले की जमलेल्या गर्दीतून पहिली मागणी ठरलेली असते : ‘तीनशे दोन लावा!’ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे कलम आता १०३ आहे, तरी लोकांच्या तोंडी तीनशे दोन आणि चारशे वीस हेच आकडे बसले आहेत. आकड्यांचे जाऊ द्या. त्या मागणीमागचा समज तपासून पाहण्यासारखा आहे. माणूस गेला, ज्याच्यामुळे गेला तो समोर उभा आहे, मग हा खून का नाही?

कारण फौजदारी कायदा एक सोडून दोन प्रश्न विचारतो. हातून काय घडले, हा पहिला. ते घडताना मनात काय होते, हा दुसरा. वकील मंडळी पहिल्याला ॲक्टस रेअस आणि दुसऱ्याला मेन्स रिया म्हणतात. दोन्हींची उत्तरे सरकार पक्षाने पुराव्यानिशी द्यायची असतात आणि एकातही वाजवी शंका उरली, तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

समजा, वर्तकनगरच्या साईबाबा मंदिराबाहेर गुरुवारच्या गर्दीत दोन सारख्या स्कूटर उभ्या आहेत. एकाने आपली समजून दुसऱ्याची काढली, चावीही नेमकी लागली आणि तो लोकमान्यनगरला घरी पोहोचला. दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय हलवली, म्हणजे कृत्य पूर्ण झाले. तरीही ही चोरी नव्हे, कारण अप्रामाणिक हेतू नव्हता. आता घरी गेल्यावर त्याने नंबरप्लेट पाहिली, चूक लक्षात आली, आणि ‘राहू दे’ म्हणून गाडी ठेवून घेतली. त्या क्षणापासून तो मालमत्तेच्या अपहाराचा गुन्हेगार ठरतो. स्कूटर तीच, माणूसही तोच. फक्त मन बदलले.

मनाला दिलेले हे महत्त्व जुनेच आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये जुन्या भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. १८६० मध्ये तिचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. या संहितेचे वैशिष्ट्य असे की मनाची अट बहुतेक ठिकाणी कलमाच्या शब्दांतच होती : ‘उद्देशाने’, ‘जाणीवपूर्वक’, ‘अप्रामाणिकपणे’, ‘कपटाने’. नव्या संहितेने हाच साचा ठेवला. सात वर्षांखालील मूल, किंवा मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत हेच न उमजणारा माणूस, यांना गुन्हेगार धरायचे नाही, हा नियमही जुन्यातून नव्यात जसाच्या तसा आला. शिक्षा समजून-उमजून वागणाऱ्यालाच द्यायची, ही त्यामागची भूमिका मला आजही योग्य वाटते.

पण उद्देश ओळखायचा कसा? माणसाच्या डोक्यात शिरून पाहता येत नाही, तेव्हा त्याच्या हालचालींवरूनच तो वाचावा लागतो. नानावटी खटला यासाठीच पाहावा. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने आहुजाशी असलेल्या प्रेमसंबंधांची दिलेली कबुली ऐकल्यानंतर नौदलातल्या कमांडर नानावटींनी कुटुंबाला मेट्रो चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन वेगळेच कारण सांगत रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, मग आहुजाला आधी त्याच्या कचेरीत शोधले आणि नंतर घरी गाठून गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. ‘गंभीर आणि आकस्मिक चिथावणी’चा बचाव कोसळला तो मधल्या सुमारे तीन तासांमुळे. भडकलेले मन शांत होण्याइतका अवधी त्यांना मिळाला होता.

याहून आपल्या जवळचा, पण फारसा कोणाला ठाऊक नसलेला खटला वसईजवळच्या कामण खाडीचा. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. १४ सप्टेंबर १९६८ च्या रात्री सरकारी अधिकारी दबा धरून बसले होते. मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईकडून एक जीप आणि एक ट्रक आला. खाडीच्या पुलाशी गाड्या थांबल्या आणि लहान पण जड गाठोडी खाली उतरू लागली. अधिकारी धावले. त्याच वेळी खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. गाड्यांत आणि वाटेवर मिळून चांदीच्या ४३ लगडी सापडल्या, काही शालीखाली झाकलेल्या, काही भुशाच्या पोत्यांआड लपवलेल्या.

चोरट्या निर्यातीचा हेतू उघड होता. वाद होता कृत्याचा. चांदी अजून जमिनीवरच होती, बोटीत चढली नव्हती. मग ही नुसती तयारी की प्रयत्न? तयारी सहसा गुन्हा नसते, प्रयत्न असतो. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, सत्र न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने ती सुटका उचलून धरली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सरकारिया आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल फिरवला : शेवटचे पाऊल पडलेच पाहिजे असे नाही, कृती गुन्ह्याच्या पुरेशी निकट हवी आणि तिच्यातून हेतू दिसायला हवा. काठावर उतरवलेली चांदी आणि खाडीतले इंजिन, दोन्ही मिळून पुरेसे ठरले. मला हा निकाल पटतो. बोट निघून जाईपर्यंत थांबा, असे कायदा कोणाला सांगू शकत नाही.

मनाची अट नेहमीच लागते असेही नाही. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला निघालेले विमान सांताक्रूझला उतरले. त्यातला प्रवासी मायर हान्स जॉर्ज खाली उतरलाही नव्हता. त्याच्या खास शिवलेल्या जाकिटात ३४ किलो सोने निघाले. असे सोने विमानाच्या मालयादीत नोंदवायला हवे, ही रिझर्व्ह बँकेची अधिसूचना अवघ्या चार दिवसांपूर्वी राजपत्रात आली होती. झुरिकमध्ये त्याला ती कळणार कशी? सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले, हा परकीय चलन वाचवण्याचा कायदा आहे, इथे अज्ञान चालणार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मतभेद नोंदवला. शिक्षा मात्र न्यायालयाने भोगलेल्या कैदेपुरतीच ठेवली, आणि त्या सवलतीत बहुमताचीही अस्वस्थता मला दिसते.

आता आपल्या दाराशी येऊ. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला सुऱ्याची भीती कमी आणि छताची, रस्त्याची, रासायनिक कारखान्याची जास्त. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत कारखान्यांत स्फोट झाले. अशा ठिकाणी कोणाला मारण्याचा उद्देश बहुधा नसतो. खरा प्रश्न जाणिवेचा असतो : यामुळे माणसे मरू शकतात हे संबंधितांना ठाऊक होते का? ठाऊक होते हे सिद्ध झाले, तर सदोष मनुष्यवध आणि दहा वर्षांपर्यंत कैद. नाही झाले, तर हयगयीने मृत्यू, ज्याची कमाल शिक्षा जुन्या कायद्यात दोन वर्षे होती आणि आता पाच आहे.

या रेषेवर काय काय घडते पाहा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथाशेजारी झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणीव मानून तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना शिक्षा कमीच असल्याचे सुनावले. उलट भोपाळच्या वायुगळतीत हजारो माणसे गेली, तरी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून हयगयीवर आणला, कारण आरोपींना तशी जाणीव असल्याचे दाखवणारी सामग्री समोर नव्हती. २०१० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. भोपाळचा तो आदेश वाचताना आजही संताप येतो. पण त्यातला धडा तपासाचा आहे : मृतांची संख्या जाणीव सिद्ध करत नाही, कागद करतात. इंजिनिअरचा इशारा, महापालिकेची नोटीस, कामगारांची तक्रार, पूर्वीच्या छोट्या अपघाताची नोंद. पोलिसांनी पंचनाम्याइतकीच घाई हे कागद जप्त करायला केली पाहिजे. कायद्याच्या लेखी कृत्यात बेकायदा अकृतीही येते. दुरुस्ती करणे कायद्याने बंधनकारक असताना ती न करणारा ‘मी काहीच केले नाही’ असे म्हणून सुटू शकत नाही.

म्हणून वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतींतल्या आणि एकूणच जुन्या इमारतींतल्या वाचकांना एक विनंती. खांबाला तडा दिसला, शेजारच्या गाळ्यात विनापरवाना रसायने साठलेली दिसली, तर नुसते तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, त्यावर तारीख घाला, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, फोटो जोडा. अर्ज हाती पडल्यावर कोणालाही ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. सोसायटीच्या कार्यकारिणीलाही नाही, हे पदाधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि कार्यकारिणी बदलली की ती पोच असलेली फाईल नव्या सेक्रेटरीकडे सहीनिशी सोपवा.