नक्कल परत येते का?

गेल्या वर्षी मी काही आठवडे बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या एका गावी जात होतो. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या संगणकातील नोंदींची नक्कल, म्हणजे बॅकअप, घेणारे एक नवे साधन तपासायचे होते. माझा मित्र ते लिहीत होता; साधन अजून कच्चे होते. केंद्रावर दोन वेळा दूध येते, फॅट आणि एसएनएफ मोजून पावती निघते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. नोंदी गेल्या, तर पगार कशावरून काढायचा? सचिवांनी पहिल्याच दिवशी विचारले, "नक्कल रोज घ्या हो सर, पण वेळ आली तर ती परत येते का, तेवढं सांगा."

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या नोंदी ज्या रचनेत असतात, तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली ती कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायची नाही. सभासदाचे नाव सभासदांच्या तक्त्यात एकदाच. दुधाच्या आणि पगाराच्या तक्त्यांत फक्त त्याचा क्रमांक. त्यामुळे एक तक्ता आठ वाजता आणि दुसरा सव्वाआठला उतरवला, तर मधल्या पंधरा मिनिटांत आलेल्या नव्या सभासदाचे दूध दिसेल, पण तो सभासद दिसणार नाही. म्हणून नक्कल सगळ्या तक्त्यांची, पण एकाच क्षणाची हवी. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत ही सोय असते: नोंदी चालू असतानाही नक्कल घेणाऱ्याला सुरुवातीच्या क्षणाचेच चित्र दिसत राहते.

दुसरी पद्धत आपल्या पेढ्यांना परिचित आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत आणि मग खतावणीत जातो. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत लिहिते. खतावणीची एक जुनी पूर्ण प्रत आणि तेव्हापासूनची सलग रोजकीर्द हाती असेल, तर हव्या त्या क्षणापर्यंतची खतावणी पुन्हा उभी करता येते. मधले एक पान हरवले, की पुढची सारी पाने असून नसल्यासारखी.

तपासणी आम्ही वेगळ्या संगणकावर, बनावट नावे भरून केली. रोज नक्कल घ्यायची, ती रिकाम्या यंत्रावर उतरवायची आणि मोजायचे: सभासद किती, लिटर किती, पगाराची बेरीज किती, प्रत्येक दूध-नोंदीचा सभासद सापडतो का. काही दिवस सारे जुळले. मग एके संध्याकाळी नक्कल चालू असताना मी मुद्दाम डेटाबेस मध्येच बंद केला. पडद्यावर शब्द उमटले: 'नक्कल यशस्वी'. फाइल तयार होती, विनातक्रार उघडतही होती. उतरवल्यावर मात्र सभासद पूर्ण, दुधाच्या नोंदी अर्ध्या आणि पगाराचा तक्ता रिकामा!

दोष लहानसा होता. साधनात दोन कामे साखळीने जोडली होती: एक नोंदी काढणार, दुसरे त्या दाबून लहान फाइल करणार. साधन 'झाले का?' असे फक्त दुसऱ्यालाच विचारत होते. त्याने हाती आले तेवढे इमानाने दाबले होते. जुन्या पोथ्यांचे लेखनिक शेवटी लिहीत, की जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये. हाही तसलाच लेखनिक.

अशी चूक केवळ नवशिक्यांची नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला. नकलेचे अनेक मार्ग होते, पण ऐनवेळी भरवशाचा एकही निघाला नाही. रोजची नक्कल घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्याने ती होतच नव्हती, आणि अपयशाच्या ईमेल कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. दुसऱ्या कामासाठी योगायोगाने घेतलेल्या प्रतीने वाचवले. तरी सुमारे ६ तासांच्या नोंदी गेल्याच. कंपनीने ही हकिकत स्वतःच उघडपणे जाहीर केली.

मित्राने दोष दुरुस्त केला. आता साखळीतल्या प्रत्येक कामाचा निकाल पाहिला जातो, आणि नक्कल उतरवून बेरजा जुळल्याशिवाय 'यशस्वी' हा शब्द उमटत नाही. एक प्रत केंद्राबाहेर, बारामतीला राहते; आग किंवा चोरी झाली तर एकाच खोलीतल्या दोन प्रती बरोबरच जातात. मात्र चुकीचे फॅट नोंदले असेल, तर उत्तम नक्कलही ते चुकीचेच जपेल. त्याला माणसाची नजरच हवी.

शेवटच्या दिवशी केंद्राच्या खऱ्या नोंदींची नक्कल रिकाम्या यंत्रावर उतरवली. सचिवांनी कपाटातून जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला, मधलीच एक पावती ओढली आणि क्रमांक वाचला. मी तो शोधला. लिटर जुळले, फॅट जुळले, रक्कमही जुळली. त्यांनी आणखी नऊ पावत्या तपासल्या आणि मगच चहा सांगितला.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. यंदा वही पुजताना तिची नक्कल एकदा उघडून, उतरवून पाहावी.