शर्यत जवळ आली की पाय आवरा

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव आहे. या पट्ट्यातल्या कोणाही ऊसकऱ्याला विचारा, तोडणी जवळ आली की उसाला पाणी देता का? तो हसून म्हणेल, "छे हो! पंधरा दिवस आधीच पाणी तोडायचं. वाढायचा तो ऊस वाढला. आता साखर भरू द्यायची." हेच शहाणपण लांब पल्ल्याची शर्यत धावणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या गुरुजींना सांगावं, असं मला वाटतं.

आपल्याकडे घडतं नेमकं उलट. शर्यत आठ दिवसांवर आली की मुलगा रोजच्यापेक्षा अधिकच धावू लागतो. घरची माणसंही बजावतात, "आता ढिला पडू नकोस." मीही एकदा एका विद्यार्थ्याला असाच सल्ला दिला आणि शर्यतीच्या आदल्या दिवशीदेखील दहा किलोमीटर धावायला लावलं. एरवी सर्वांच्या पुढे असणारा तो मुलगा निम्म्या वाटेतच मागे पडला. मेहनत त्याची होती, चूक माझी.

असं का होतं? धावण्याच्या सरावानं दोन गोष्टी घडतात. ताकद वाढते आणि शीण साचतो. शीण लगेच येतो. ताकद मात्र सावकाश येते, तिला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या आठवड्यातली जादा मेहनत शर्यतीच्या दिवशी शीण तेवढा देते. सराव कमी केला, तर स्नायूंची झीज भरून निघते आणि भाकरी-भातापासून मिळणारी साखर त्यांत साठून राहते.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक अफाट सरावाबद्दल प्रसिद्ध होता. १९५० साली ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेआधी तो आजारी पडून रुग्णालयात गेला, सराव थांबला. तिथून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं दहा हजार मीटरची शर्यत ६९ सेकंदांच्या आणि पाच हजारांची २३ सेकंदांच्या फरकानं जिंकली! पुढे शास्त्रज्ञांनी या विश्रांतीचा अभ्यास केला. योग्य रीतीनं सराव घटवला तर वेळेत साधारण दोन-तीन टक्के सुधारणा होते, असं दिसलं. चाळीस मिनिटांच्या शर्यतीत हे जवळजवळ एक मिनिट झालं.

मग करायचं काय? आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्यानं शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांपैकी पहिल्यात ३५ आणि दुसऱ्यात २० धावावे. अंतर कमी करावं, वेग नव्हे. चारशे मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या मारत असाल, तर त्याच वेगानं तीन मारा. मात्र सारंच बंद करून खाटेवर पडून राहू नका. त्यानं अंग जड होतं. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी आठवडाभराची घट पुरे. वाचलेला वेळ मोळ्या वाहण्यात घालवू नका. झोप भरपूर घ्या, रोजचंच अन्न पोटभर खा.

या दिवसांत पाय उगाचच जड वाटतील, मनाला चुटपुट लागेल. "सर, थोडं धावून येऊ का?" असं मुलगा विचारील. गुरुजी, त्या वेळी त्याला थांबवणं हेच तुमचं काम. वर्षभर तुम्ही त्याला धावायला शिकवलंत. आता दोन आठवडे धीर धरायला शिकवा.