गरुड ओळखावा पायांवरून

खेळण्यांच्या दुकानात दोन तपकिरी गरुड शेजारी ठेवलेले असतात. दोघांची चोच आकडीसारखी, दोघांचे पंख पसरलेले. पण एकाच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं कोरलेली आहेत आणि दुसऱ्याची पिवळी नडगी उघडी आहे. पहिला सोनेरी गरुड, दुसरा अमेरिकेचा बाल्ड ईगल. तोही वयात न आलेला, कारण त्याचं डोकं पांढरं व्हायला पाचेक वर्षं लागतात. शिकारी पक्ष्यांच्या हुबेहूब प्रतिकृती जमवण्याची खरी गोडी अशा बारकाव्यांत आहे.

जर्मनीची श्लाइश (स्थापना १९३५), अमेरिकेची सफारी लिमिटेड (१९८२) आणि फ्रान्सची पापो (१९९१) ही या छंदातली ठळक नावं. शिल्पकार आधी मूळ नमुना घडवतो, त्यावरून साचा तयार होतो, साच्यात पीव्हीसी ओततात आणि मग रंगकाम होतं. शिल्पकारानं पक्षी किती नीट पाहिला आहे, ते चोच आणि पंजे सांगतात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं. भक्ष्याची मान मोडायला ते कामी येतं. गरुडाच्या चोचीला ते नसतं. मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे निसटता मासा दोन पुढच्या आणि दोन मागच्या बोटांत घट्ट बसतो. पंजात मासा असलेला ऑस्प्रे हाती आला, तर सर्वांत आधी ही बोटं मोजावीत.

प्लास्टिकच्याही मर्यादा असतात. हत्ती-गेंड्यांच्या प्रतिकृती साधारण १:२० प्रमाणात बनतात. त्या मापानं ९० सेंटीमीटरचा बाल्ड ईगल जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा होईल आणि बहिरी ससाणा दोन-अडीचचा. एवढ्याशा अंगावर पिसं कोरणार कशी? म्हणून पक्षी मोठ्या मापात घडवतात आणि एकाच फळीवर गरुड हत्तीच्या खांद्याला लागतो. पिसांच्या कडाही खऱ्यापेक्षा जाड ठेवाव्या लागतात. बारीक पायांवर पसरलेल्या पंखांचा भार येतो आणि उन्हाळ्यात पीव्हीसी मऊ पडून पक्षी कलतो. अशा वेळी पाय गरम पाण्यात धरून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात बुडवायचे. काचेचं कपाट उन्हापासून लांब ठेवलं, तर ही वेळ सहसा येत नाही.

आपल्याकडे या छंदाला आणखी एक अर्थ आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे गरुडाची नखं किंवा पेंढा भरलेला ससाणा परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय आकाशातली घार आपल्याला बहुतेक वेळा खालूनच दिसते. प्रतिकृती हातात घेऊन फिरवता येते. पाठ, खांदे, शेपटीचा वरचा रंग निवांत पाहता येतो.

लहान मुलांसाठी घेताना आयएसआय चिन्ह जरूर पाहावं. २०२१पासून भारतात खेळण्यांना ते सक्तीचं आहे. आणि पक्ष्यांचं एखादं सचित्र पुस्तक शेजारी उघडून चोच, पाय, शेपूट मुलांबरोबर ताडून पाहावी. संग्रह दहाच पक्ष्यांचा असला तरी चालेल. पण त्यातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि खाणं त्याच्या अंगावरून सांगता आलं पाहिजे.